गुरुवारचा रिलीव्हर

आमच्या गेटवर एक खुर्ची होती. हातांची, प्लास्टिकची, पाठीला जुनी उशी बांधलेली. काका तिच्यावर कधी बसले नाहीत. सकाळी आठला आले की खांद्यावरच्या पिशवीतून स्वतःचं घडीचं स्टूल काढायचे, दोनदा झटकायचे, खुर्चीच्या शेजारी मांडायचे आणि बारा तासांची ड्युटी त्या वीतभर कापडावर करायचे.

"काका, खुर्ची रिकामी आहे की," मी एकदा म्हटलं.

"रिकामी न्हाई ती. नस्करदाची हाय," ते म्हणाले. "तो आज घरी गेलाय, एवढंच. मी आजच्यापुरता."

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा त्यांना न विचारता त्यांच्याबद्दल लिहून बसले होते, तेवढं पुरे झालं.

तुम्हीही पाहिले असतील असे काका. रोजचा पहारेकरी आपल्याला तोंडावरून माहीत असतो. एखाद्या दिवशी त्याच्या जागी दुसराच कुणी दिसतो, आपण मान हलवून आत जातो आणि लिफ्टचं दार लागेपर्यंत त्याचा चेहरा विसरतो. कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये आमच्या रस्त्यावर ओळीने सहा इमारती आहेत. सहा गेटं, दिवसपाळीला सहा पहारेकरी, सगळे एकाच एजन्सीचे. प्रत्येकाला आठवड्यातून एक सुट्टी. सोमवारी पहिल्या गेटचा घरी जाणार, मंगळवारी दुसऱ्याचा, असं शनिवारपर्यंत. आणि ज्याची सुट्टी असेल त्याच्या गेटवर काका. या कामाला एजन्सीच्या भाषेत रिलीव्हर म्हणतात. आमच्या वाट्याला ते गुरुवारी यायचे. एरवी आमच्या गेटवर नस्करदा, कॅनिंगच्या पलीकडच्या गावचा, हसरा आणि कमी बोलणारा.

काका मराठी आहेत हे मला दोन महिने कळलं नव्हतं. नस्करदाशी बांगलात, सुपरवायझरशी हिंदीत, अशीच त्यांची भाषा कानावर पडायची. एका गुरुवारी मी ऑफिसातून परत आले तेव्हा रात्रपाळीवाल्याला चार्ज देणं चाललं होतं. काका चाव्या मोजत होते, तोंडातल्या तोंडात: "येक, दोन, तीन." मी तिथेच थांबले.

"कुठले तुम्ही?"

"सातारा. आन तुमी?"

"नागपूर."

"मग लांबच की," ते म्हणाले. कोलकात्यात उभं राहून!

फौजेत हवालदार होते. शेवटची पोस्टिंग फोर्ट विल्यमची. निवृत्त होऊन गावी गेले, पण मुलाला इथल्याच एका कंपनीत नोकरी लागली आणि बायकोच्या पाठीमागे गावात एकट्याने राहवेना, म्हणून परत आले. राहायला बेहालाला, मुलाकडे. नातू सहा वर्षांचा. "आजोबा म्हणतो," काका सांगायचे, "पुढचं समदं बांगला."

चार्ज द्यायची त्यांची एक रीत होती. चाव्या मोजून द्यायच्या. टॉर्च पेटवून दाखवायचा. रजिस्टर उघडून द्यायचं. मग म्हणायचं, "चार्ज दिला." आणि समोरचा "चार्ज घेतला" म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. नव्या पोरांना हसू यायचं. एकाने मान डोलवली, तर काका म्हणाले, "मुंडीनं न्हाई, तोंडानं बोल." एकदा गेलं की मात्र मागे वळून बघायचं नाही. "दिलं ते दिलं. मागं बघितलं तर त्याला वाटंल, म्हाताऱ्याचा आपल्यावर भरवसा न्हाई."

आणि एक वही. सहा गेटांची सहा पानं, मोडी वाटावं अशा अक्षरात. आमच्या पानावरचं एकदा वाचून दाखवलं होतं: तिसऱ्या मजल्याच्या आजींना हात धरलेला आवडत नाही, लिफ्टचं दार फक्त धरून ठेवायचं. काळा कुत्रा आपला, पांढरा पाहुणा. पंपाचं बटण दोनदा दाबावं लागतं. निळा कप नस्करदाचा, वापरू नये.

"हे कशाला लिहून ठेवता? दर गुरुवारी येताच की."

"उद्या मी नसलो तर?"

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिवसा मी कंपनीत कोड लिहिते आणि उरलेल्या वेळात पत्रकं. आमचा पाच जणांचा गट आहे. कंत्राटी कामगारांच्या सुट्ट्या, हजेरी, बसायला जागा, संडास, जे जे दिलं जात नाही त्यावर आम्ही लिहितो, छापतो आणि वाटतो. मला लवकर राग येतो. त्याची मला लाजही वाटत नाही. राग यावा असंच पुष्कळ आहे.

त्या दिवशी राग आला तो रजिस्टरमुळे. मी सहज पानं चाळत होते. नावाच्या रकान्यात सोमवारी नस्कर, मंगळवारी नस्कर, बुधवारी नस्कर, गुरुवारी 'रिलीव्हर'. पुन्हा शुक्रवारी नस्कर. मागची पानं उलटली. एकूण एक गुरुवारी तोच शब्द, सुपरवायझरच्या अक्षरात. या माणसाने आमच्या गेटवर इतके गुरुवार घालवले आणि त्याचं नाव एकदाही नाही!

घरी येऊन मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. आमच्या ऑफिसात बॅकअप म्हणतात, शाळेत प्रॉक्सी म्हणतात, आया पुरवणाऱ्या सेंटरमध्ये बदली म्हणतात आणि इथे रिलीव्हर. शब्द वेगळे, लबाडी एकच, असं काहीतरी त्यात होतं. या माणसाला सहा गेटं आहेत, पण स्वतःची एक खुर्ची नाही. त्याची रविवारची सुट्टी फक्त कागदावर आहे, कारण कुणी आजारी पडलं की त्यालाच बोलावतात. रिलीव्हर हा शब्दच काढून टाका, त्याला कायमची जागा द्या, नाव द्या. मथळा होता: 'रिलीव्हर नव्हे, माणूस!' हिंदी आणि बांगलात छापून घेतलं. वाचताना माझ्याच अंगावर शहारे आले, इतकं ते चांगलं झालं होतं.

गुरुवारी सकाळी पहिली प्रत काकांच्या हातात दिली. त्यांनी उभ्यानेच वाचली, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत. चार घड्या घालून वहीत ठेवली.

"झ्याक लिवलंय ताई. पन..."

"संध्याकाळी बोलू काका, पाच गेटं बाकी आहेत," मी म्हणाले आणि पळाले.

संध्याकाळी बोललो नाही. ऑफिसातून यायला उशीर झाला.

पत्रक चाललं. सहाही इमारतींच्या कमिट्यांत चर्चा झाली, लोकांनी सुपरवायझरला गेटवर गाठून विचारलं. नेमका त्याच सुमाराला शेजारच्या इमारतीचा पहारेकरी नोकरी सोडून गावी गेला होता. एजन्सीने ती जागा काकांना दिली. कायमची. रजिस्टरला नाव, नवी कोरी खुर्ची. आम्ही पाचही जणांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. मी संदेश मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या नव्या गेटवर गेले. काकांनी एक संदेश उचलला, अर्धा तोंडात टाकला आणि विचारलं, "आता गुरवारी तुमच्याकडं कोन येनार?"

"ते एजन्सी बघेल की."

"व्हय," ते म्हणाले. उरलेला अर्धा संदेश हातात तसाच धरून बसले होते, ते मला नंतर आठवलं.

पुढचे काही आठवडे मी ऑफिसच्या कामात बुडाले होते. एका गुरुवारी तब्येतीमुळे घरी राहिले आणि औषध आणायला खाली उतरले, तर गेटवर नस्करदा.

"आज गुरुवार ना? घरी नाही गेलात?"

"सुट्टी बंद आहे, दीदी."

"बंद? कधीपासून?"

त्याने बोटं मोजली. "हा चौथा गुरुवार."

"पण का?"

"रिलीव्हर नेई," तो म्हणाला. रिलीव्हर नाही. आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून घाईघाईने, "दीदी, तुमचं लिफलेट मात्र खूप चांगलं होतं."

त्याची मुलगी सहावीत आहे. गणिताची वही ती आईपुढे उघडत नाही, मास्तरांपुढे उघडत नाही, गुरुवारी बाबा आला की उघडते. हे त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. चार गुरुवारांची गणितं साठली होती. आणि हे एका गेटचं. बाकीच्या गेटांवरही तेच. एजन्सीला काय, तिने कागदावरून रिलीव्हर हा शब्द काढला आणि त्याबरोबर सुट्ट्याही काढल्या. कुणी काही बोललं नाही, कारण विजय आमचा होता आणि आम्ही त्यांच्या बाजूचे होतो.

औषध राहिलं. मी तशीच शेजारच्या गेटवर गेले. काका स्टुलावर बसले होते. शेजारी नवी खुर्ची, प्लास्टिकचं वेष्टणसुद्धा काढलेलं नव्हतं.

"ही तर तुमची आहे ना? हिच्यावर का बसत नाही?"

"बसू कसा? बाकीचे पाच जन घरी गेले न्हाईत मैनाभर."

"तुम्ही नाही का म्हणाला नाहीत? जागा नको म्हणून?"

"हुकूम आला, आलो. वाटलं, माज्या जागी दुसरा धाडतील. धाडला न्हाई. सुपरवायझरला चारदा बोललो. तो म्हनतो, तुमच्याच ताईनं शब्द काढाया लावला."

मग काका बोलू लागले. त्यांना इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ताई, वर बरफात पहाऱ्याला उभं ऱ्हायचो आमी. दोन दोन तास. बोटं हायेत का गेली, कळायचं न्हाई. दुश्मन कधी दिसायचा न्हाई. पन खालनं रिलीव्हरची बॅटरी दिसली की जीव खाली पडायचा. च्या, जेवन, झोप, घरचं पत्र, समदं त्या बॅटरीच्या मागनं यायचं. तुमी लिवलं, ह्याला सोताची जागा न्हाई. खरं हाय, न्हाई. पन ह्यो उभा ऱ्हातो म्हनून त्यो घरी जातो, हे कुटं लिवलं? रिलीव्हर म्हंजे तेवढंच. आला की दुसरा घरी जातो."

वहीवर हात ठेवून म्हणाले, "तवा बोलायचं हुतं मला. तुमी पळाला. मला इचारलं हुतं का तुमी?"

"नाही."

"मग आता इचारा."

कामगाराला विचारा, हे आमच्या प्रत्येक पत्रकात असतं. बहुतेक वेळा ठळक अक्षरांत.

कागद नव्हता. त्यांनी वहीतून तेच पत्रक काढलं, चार घड्यांचं, आणि पाठची कोरी बाजू माझ्यापुढे केली. मी खुर्चीच्या वेष्टणावर ते टेकवून लिहीत गेले. रिलीव्हर पाहिजेच, सहा गेटांना एक सोडून दोन पाहिजेत. दोन का? "एक पडला तर दुसरा हाय. रिलीव्हरलाबी रिलीव्हर लागतो की! माजा रविवार मी कवा बघितलाय?" कामाचं पत्र पाहिजे आणि त्यात हेच काम लिहिलेलं पाहिजे, गेटवरचा पहारेकरी असं नव्हे. आणि नाव?

"नाव मी लिवीन. माज्या हातानं. त्याच्याफुडं काय काम ते बी. रिलीव्हर. मला त्या शब्दाची लाज न्हाई, ताई. तुमाला आली, त्याला मी काय करू?"

मग मी हसले आणि तेही हसले. संदेशच्या दिवसापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

या वेळी मथळा नव्हता. काका, नस्करदा आणि मी, तिघं सहाही गेटांवर गेलो. सगळ्या पहारेकऱ्यांच्या सह्या घेतल्या, मग कमिट्यांच्या. तिसऱ्या मजल्याच्या आजींनी हात न धरू देता स्वतः जिना उतरून सही केली. सुपरवायझरने कागद वाचला आणि डोक्याला हात लावला.

"दीदी, पहले आप बोले रिलीव्हर मत बोलो. अब बोलते हैं रिलीव्हर दो. एक भी नहीं, दो! आप लोग पहले आपस में तय कर लो ना!"

"तय कर लिया," मी म्हटलं. "अबकी बार पूछ के आए हैं."

सहाही इमारतींच्या कमिट्या एकाच कागदावर आहेत हे बघून एजन्सी मऊ झाली. दोन आठवडे लागले. शेजारच्या गेटला नवा माणूस आला, खुर्चीचं वेष्टण त्याने काढलं. काका पुन्हा रिलीव्हर झाले आणि त्यांच्या जोडीला पूर्णिमादी आल्या. चाळिशीच्या, ठसठशीत, आधी एका दुकानात पहाऱ्याला होत्या. दोघांनी गेटं तीन-तीन वाटून घेतली, आणि काकांनी अर्धी वही त्यांना बांगलात उतरवून दिली. आमच्या कागदावरची ओळ अन् ओळ मिळाली नाही, हे सांगायला हवं. आजारपणाच्या रजेवरून अजून भांडतो आहोत. पण त्या गुरुवारी आमच्या रजिस्टरात सुवाच्य देवनागरीत एक पूर्ण नाव होतं, आणि त्याच्यापुढे रिलीव्हर.

"पहिल्या रविवारी काय केलंत?" मी विचारलं होतं.

"दुपारी दोनपतुर झोपलो. सूनबाईनं घाबरून डाक्टरला फोन लावला."

नंतरचं वर्ष छान गेलं. काही घडलं नाही, म्हणून छान. दर गुरुवारी स्टूल खुर्चीशेजारी. मी ऑफिसला निघताना ते विचारायचे, "काय, आज कुनाबद्दल लिवताय?" आणि मी नाव सांगितलं की, "त्याला इचारलं का?" आमच्या गटात आता हा प्रश्न माझ्या तोंडी असतो. त्याचा कंटाळा येतो असं दोघांनी मला स्पष्ट सांगितलं आहे.

मग काकांच्या मुलाची पुण्याला बदली झाली. निघायचा दिवस गुरुवार आला. सामान आणि माणसं बेहालाहून परस्पर हावड्याला जाणार होती. कुणीही असता तर रजा घेतली असती. काका सकाळी आठला स्टुलावर हजर. पूर्णिमादींना सकाळी बँकेचं काम होतं, त्या बाराला येऊन चार्ज घेणार होत्या. "अर्धा गुरवार माजा, अर्धा तिचा," काका म्हणाले.

बारा वाजले, सव्वाबारा झाले. मी घरूनच काम करत होते, काकांना सोडायला खाली आले. पूर्णिमादींचा फोन आला: मोर्चा आहे, बस अडकली आहे, पुढेही जात नाही आणि दारही उघडत नाही. मोर्च्याला शिव्या द्यायची मला सोय नव्हती.

साडेबारा. नस्करदाला फोन करू, मी म्हटलं.

"त्यो घरी हाय. त्याला नगं."

"काका, गाडी चुकेल. नातू तिकडे स्टेशनवर बसलाय."

"गेट मोकळं सोडून जाऊ?"

"मी उभी राहते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेष्टा करते आहे का, ते तपासलं. मग पिशवी खाली ठेवली आणि चाव्यांचा जुडगा पुढे केला.

"मोजा."

"एक, दोन, तीन. पंप, गच्ची, मीटर."

टॉर्च भर दुपारी पेटवून दाखवला. रजिस्टर उघडलं. मी नाव लिहिलं. ते पेन परत घेईनात. मी पुढच्या रकान्यात लिहिलं: रिलीव्हर.

"चार्ज दिला," काका म्हणाले.

मी मान हलवली. ते तसेच उभे.

"चार्ज घेतला," मी म्हणाले.

स्टुलाची घडी घातली, पिशवीत टाकलं, टॅक्सीत बसले. वळणापर्यंत मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले. मागे वळली नाही.

उन्हात उभं राहायची मला सवय नाही. अर्ध्या तासात पोटऱ्या भरून आल्या. काळा कुत्रा आला, पायाशी बसला. तिसऱ्या मजल्याच्या आजी आल्या, मी लिफ्टचं दार धरलं आणि हात धरला नाही. आमच्या मजल्यावरच्या बॅनर्जीकाकू भाजी घेऊन आल्या, मला बघून थबकल्या.

"तू? इथे? बस तरी, खुर्ची आहे ना रिकामी."

"रिकामी नाही. नस्करदांची आहे," मी म्हटलं.

पावणेदोनला फोन वाजला. मागे हावड्याचा गलका, एका मुलाचं बांगलातलं ओरडणं.

"ताई, गाडी मिळाली. खिडकी बी मिळाली."

"बरं झालं काका."

"तुमाला सोडवाया कोन आलं का?"

"नाही अजून."

"मग ऱ्हावा उभ्या," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

मी चाव्या या हातातून त्या हातात घेतल्या आणि उभी राहिले.